मावशी सुट्टीवरून परत येते तेव्हा

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका बालगृहात मुलांना कविता ऐकवायला गेलो होतो. सतरंजीवर बसतो न बसतो तोच चार-पाच वर्षांचा एक मुलगा सरळ येऊन मांडीवर बसला. माझा चष्मा काढून त्यानं स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि 'मला तुमच्या घरी न्या' म्हणाला. मी हरखून गेलो. यतीम मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा, हे आम्हां मुसलमानांच्या घरांत लहानपणापासून ऐकवलं जातं. मी हात फिरवला, चार कविता वाचल्या आणि संध्याकाळच्या एस.टी.नं घरी येऊन बायकोला सांगितलं, पोराला माझा कसा पटकन लळा लागला बघ.

पुढे तिथल्या समुपदेशक बाई भेटल्या, तेव्हा त्यांना हे कौतुकानं सांगितलं. त्या म्हणाल्या, ''सर, पहिल्याच भेटीत परक्याच्या मांडीवर बसणारं मूल दिसलं, की मला काळजी वाटते.'' घरातलं मूल पाहुणा आला की आईच्या पदराआड दडतं, मग हळूच डोकावतं. ज्याला दडायला पदरच नाही, ते सगळ्यांकडेच जातं. म्हणजे मी ज्याला लळा समजलो, ती लळ्याची उणीव होती.

लळा हा आपला फार जुना शब्द. त्याचं शास्त्र मात्र अलीकडचं. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, तो 1951 साली प्रसिद्ध झाला. मुलाला अन्न-वस्त्राइतकीच एका ठरावीक, कायम असणाऱ्या माणसाच्या मायेची गरज असते, असं त्यात मांडलं होतं. त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन यानं 1952 मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. आईपासून तुटलेलं मूल आधी आकांत करतं, मग खचतं आणि शेवटी अलिप्त होतं, असं त्याचं निरीक्षण होतं. या तिसऱ्या अवस्थेत मूल शांत दिसतं, आणि मोठी माणसं म्हणतात, 'चला, रुळलं एकदाचं!'

आता बालगृहातल्या मावशीकडे येऊ. कागदोपत्री ती काळजीवाहक, मुलांची मावशी. चार दिवसांची सुट्टी संपवून ती परत येते, मुलांसाठी चिक्कीही आणते. तिच्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोर मात्र तोंड फिरवतं, कधी चावतंसुद्धा. मावशीच्या मनात येतं, एवढं केलं त्याचं हे फळ! खरं तर ते पोर तिच्यावरच रुसलेलं असतं, कारण चार दिवस त्यानं तिचीच वाट पाहिली. उशीखाली चपाती लपवणारं मूल चोरटं नसतं. पुढचं जेवण मिळेल यावर त्याचा अजून भरवसा बसलेला नसतो. हे त्याच वेळी मावशीला कुणी सांगितलं, तर तिचा उगारलेला हात खाली येतो. पण सांगणार कोण?

उलट कामावर येताच तिला पहिला सल्ला मिळतो, 'बाई, जीव लावू नका. त्रास होईल.' हा सल्ला देणारी माणसं दुष्ट नसतात; त्यांनी स्वतः तो त्रास काढलेला असतो. मुलं दत्तक जातात, घरी जातात, वय वाढलं की दुसऱ्या संस्थेत जातात. कंत्राटी नोकरी, रात्रपाळी, हाताखाली मुलांची रांग. एकाला कुशीत घेतलं तर बाकीच्यांच्या अंघोळी कोण घालणार?

मग मावश्यांना प्रशिक्षण दिलं की झालं, असं आपल्याला वाटतं. आपल्याकडे कशावरही शिबिर हा उतारा असतोच. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये हे तपासून पाहिलं गेलं. तिथल्या शिशुगृहांत खाणं-पिणं, औषधपाणी ठीक होतं. पण पहिल्या दोन वर्षांतच मुलाला साठ ते शंभर वेगवेगळे हात लागायचे. संशोधकांनी तीन शिशुगृहं घेतली. एकात काहीच बदललं नाही, दुसऱ्यात फक्त प्रशिक्षण दिलं. तिसऱ्यात प्रशिक्षणाबरोबर व्यवस्थाही बदलली. गट लहान केले, प्रत्येक गटाला ठरलेल्या बाया दिल्या, वय वाढलं म्हणून मुलाला दुसऱ्या खोलीत ढकलणं बंद केलं आणि रोज काही वेळ निव्वळ मुलांसोबत बसण्यासाठी राखला. 2008 मध्ये निष्कर्ष आले. नुसत्या प्रशिक्षणानं फरक पडला, पण थोडा. तिसऱ्या घरातली मुलं बुद्धीनं, वागण्यानं सुधारलीच. आहार न बदलता त्यांची उंची-वजनंही वाढली. आणि मला जास्त मोलाचं वाटलं ते हे, की तिथल्या बायांची स्वतःची उदासी आणि धास्तीही कमी झाली.

बुडापेस्टमध्ये एमी पिक्लर या डॉक्टरबाईंनी 1946 साली लोत्सी रस्त्यावर शिशुगृह काढलं होतं. तिथं अंघोळ, भरवणं, कपडे बदलणं हीच मायेची वेळ मानत. 'आता हात उचलते हं' असं तान्ह्या बाळालाही सांगून मगच हात उचलायचा, घाई करायची नाही. सांभाळणाऱ्या बाया प्रत्येक मुलाची नोंद ठेवत आणि त्या नोंदींवर एकत्र बसून बोलत. वेगळा निधी, वेगळा तास नाही. जी अंघोळ घालायचीच आहे, तीच नीट घालायची.

आपल्या 2015 च्या बालन्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र काळजी आराखडा करायला सांगितलं आहे. तो आराखडा फायलीतून मावशीपर्यंत पोचतो का, हा प्रश्न आहे. मूल कुठून आलं, रात्री का दचकतं, हे तिला माहीतच नसेल तर ती काय करणार? पर्यवेक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हजेरीपत्रक आणि कोठीची तपासणी येते. इथं हवंय ते निराळं. आठवड्यातून तासभर कुणीतरी मावशीसमोर बसावं, 'या आठवड्यात कोणत्या पोरानं तुला दमवलं?' असं विचारावं आणि तिचं ऐकून घ्यावं. रागही ऐकावा. पाळ्या लावताना ठरावीक मुलांना ठरावीक मावशी मिळेल असं पाहावं. मूल जाणार असेल तर तिला आधी सांगावं, निरोपाला तिला पुढे उभं करावं.

माझ्या मांडीवर बसलेला तो मुलगा पुढे दत्तक गेला. मी पुन्हा गेलो, तेव्हा त्याच्या मावशीनंच हे सांगितलं. मी म्हटलं, ''चांगलं झालं.'' ''चांगलंच झालं की,'' ती म्हणाली. ''तो गेला त्या दिवशी मी दोन दिवसांची रजा टाकली. अर्जात कारण काय लिहावं सुचेना, मग ताप आलाय असं लिहिलं.''