पडदा बोलतो, ऐकत नाही

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले. साधन आले म्हणजे शिक्षण पोहोचले, असा सोयीचा समज तेव्हा रूढ झाला. धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात मी पहिलीला मराठी शिकवीत होतो. तो समज किती तोकडा आहे, हे मला पोरांनीच शिकवले.

पहिला प्रश्न मालकीचा. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की ‘दीक्षा’ ॲपमधला पाठ उघडतो. त्याला स्मार्टफोन हवा, रेंज हवी, रिचार्ज हवा. आमच्या वस्तीत घरटी एक फोन, तोही बापाबरोबर कामावर गेलेला. ऊसतोड सुरू झाली की फोन आणि पोर दोन्ही फडावर. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली, तिचा आधार झाला. पण पडदा बोलतो, ऐकत नाही.

इथे दुसरा, अधिक खोल प्रश्न येतो. पडद्यावरची मराठी कोणाची? ‘आई’चा ‘आ’ गिरवताना तांड्यावरच्या मुलीच्या ओठी ‘याडी’ येते. तिची बंजारा भाषा जनगणनेत हिंदीच्या खात्यात मोजली जाते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम ३५० क सांगते. ते १९५६ पासून आहे. उमरगा तालुक्यातल्या कडदोरा येथील जगदंबानगर शाळेचे शिक्षक उमेश खोसे यांनी पहिलीचे पुस्तक बंजारा भाषेत आणले आणि नेटशिवाय चालणारी ॲप तयार केली. त्यांना २०२१ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. साधन पोराच्या घरापर्यंत आणि ओठांपर्यंत आणता येते, हे त्यांनी दाखवले.

मी एवढा तंत्रकुशल नाही. मी फक्त उलटे केले. पाठ पाठवणे कमी केले आणि आवाज मागवला. संध्याकाळी फोन घरी आला की पोराने व्हॉट्सॲपवर दोन मिनिटे बोलायचे: आज काय शिजले, आजी काय म्हणाली. ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून कागदावर परत पाठवी. तोच वाचनाचा धडा. त्याखाली पुस्तकातला शब्द. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी शेळी व्याल्याची हकिकत सांगताना थांबेना.

प्रमाण मराठी नको, असे माझे म्हणणे नाही. परीक्षा, अर्ज, कचेरी तिच्यातच चालतात. ती आपल्या पोरांना आलीच पाहिजे. पण घरची बोली चुकीची ठरवून ती येत नाही. त्यातून फक्त लाज येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला जानेवारी २०२० मध्ये शंभर वर्षे झाली. त्याच साली आमची पोरे पडद्यासमोर मुकी बसली होती. नवे यंत्र हाती आले की भाषाशिक्षकाने आधी हेच विचारावे: यातून माझे पोर बोलू शकेल काय?