वेल्स देश व यहूदी लोक

युरोपच्या पश्चिमेस, ब्रिटन बेटांत, वेल्स नांवाचा एक लहानसा डोंगराळ देश आहे. त्याचा नकाशा पाहतां विद्यार्थ्यांस मोठें नवल वाटेल. बेथलेहेम, हेब्रोन, कर्मेल, नबो हीं तर पवित्र शास्त्रांतील नांवें. तीं वेल्समधील खेड्यांस कशीं मिळालीं?

ह्याचें उत्तर एका ग्रंथांत आहे. १५३६ सालच्या कायद्यानें वेल्सच्या न्यायालयांत इंग्रजी भाषा सुरू झाली, व वेल्श ही केवळ घरगुती बोली होऊन राहण्याचा प्रसंग आला. अशा काळीं, १५८८ सालीं, विल्यम मॉर्गन नामक विद्वान् पाळकानें संपूर्ण पवित्र शास्त्र वेल्श भाषेंत प्रसिद्ध केलें. जुना करार त्यानें मूळ हिब्रूवरून उतरविला होता. पुढें अठराव्या शतकांत ग्रिफिथ जोन्स ह्याच्या फिरत्या शाळांतून सहस्रावधि गोरगरीब तोच ग्रंथ वाचावयास शिकले. अब्राहाम व दावीद हे त्यांस घरच्या वडीलधाऱ्यांसारखे वाटूं लागले. लोकांनीं आपल्या प्रार्थनामंदिरांस त्या ग्रंथांतील नांवें दिलीं, व मंदिराभोंवतीं वाढलेल्या वस्तीसही तींच पडलीं. वेल्समध्यें वाढलेले ब्रिटनचे मुख्य प्रधान लॉइड जॉर्ज सांगत कीं, शाळेंत आपणांस स्वदेशाच्या इतिहासाहून यहूद्यांचाच इतिहास अधिक शिकविला गेला.

परंतु ग्रंथांतील यहूद्यावर प्रीति करणें सोपें, शेजारच्या यहूद्यावर करणें कठीण. १९११ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, संप व टंचाई ह्यांनीं गांजलेल्या दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर गांवीं जमावानें यहूदी दुकानदारांचीं दुकानें लुटलीं. दंगा आसपासच्या खोऱ्यांत पसरला, व तो मोडण्यास सैन्य आणावें लागलें. ज्या खोऱ्यांत दर रविवारीं स्तोत्रें गाइलीं जात, तेथेंच हें घडलें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

पुढें एक नवें ऋण जडलें. इस्राएल देशांत हिब्रू पुनः लोकांची बोलभाषा झाली, व नवागतांस ती थोड्या काळांत शिकविण्यासाठीं ‘उलपान’ नांवाचे वर्ग निघाले. १९७० नंतरच्या दशकांत वेल्श भाषेच्या अभिमान्यांनीं ती पद्धति, आणि तें नांवही, आपल्या वर्गांसाठीं उचललें. चारशें वर्षांपूर्वीं ज्या लोकांच्या ग्रंथानें वेल्श भाषेस आधार दिला, त्यांच्याच उदाहरणानें तिला पुनः धीर आला.

बालमित्रहो, दुसऱ्या लोकांचें साहित्य वाचून आपली भाषा समृद्ध होते, हा ह्या इतिहासाचा एक बोध होय. दुसरा बोध ट्रेडेगरचा: ज्यांचा ग्रंथ आपण आदरानें हातीं घेतों, त्यांचें दार आपल्या हातून सुरक्षित राहिलें पाहिजे.