कार्यादेशाची तारीख

'गेल्या पाच वर्षांत नगरसेवक या नात्याने मी माझ्या प्रभागात चाळीस कोटींची कामं केली.' जानेवारी २०२६ च्या नवी मुंबई महापालिका निवडणुकीत या साच्याचं वाक्य ज्या सभेत नव्हतं, अशी सभा मला आठवत नाही. ऐरोली असो, नेरूळ असो की तुर्भे, पक्ष कुठलाही असो. आकडा बदलायचा, साचा तोच. बातमीदाराची कॉपी रात्री नऊच्या सुमारास येते, साडेदहाला पान सोडायचं असतं. मधल्या वेळेत डेस्कवरच्या माणसाने ठरवायचं की या वाक्याचं करायचं काय.

सोपा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. वाक्य जसंच्या तसं उचलायचं, शीर्षक द्यायचं, पुढे अपूर्णविराम आणि त्यापुढे बोलणाऱ्याचं नाव. 'प्रभागात चाळीस कोटींची कामे : अमुक'. म्हणजे बोलला तो, आम्ही फक्त छापलं. वर्षानुवर्षं स्थानिक पानं अशी लागत आली आहेत. पण सकाळी घाईत शीर्षक वाचून लोकल पकडणाऱ्याच्या डोक्यात चाळीस कोटी राहतात, अपूर्णविराम राहत नाही. तपासणी करायची तर ती त्याच बातमीत, त्याच दिवशी झाली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. तीन दिवसांनी 'दाव्यामागचं सत्य' अशी वेगळी चौकट आली, तर पहिली बातमी वाचलेल्यांपैकी किती जण ती शोधून वाचणार?

तर हे वाक्य घेऊन बसू. त्यात चार दावे आहेत.

'गेल्या पाच वर्षांत नगरसेवक या नात्याने.' महापालिकेची आधीची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. तेव्हापासून नवं सभागृह येईपर्यंत साडेपाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेवर प्रशासक होता. महासभा नाही, स्थायी समिती नाही, नगरसेवक नाही. आयुक्तच प्रशासक, त्यांच्याच सहीने ठराव. म्हणजे या काळात 'नगरसेवक म्हणून' कुणी काही केलं, ही गोष्ट कागदावर शक्यच नव्हती. एवढं लिहायला फोनसुद्धा करावा लागत नाही, तारखा पाठ असाव्या लागतात. उमेदवाराला विचारलं की उत्तर येतं, 'पाठपुरावा मीच केला.' तोही खोटा असेलच असं नाही. माजी नगरसेवक पत्रं देतात, अभियंत्याला घेऊन गल्लीत फिरतात, आणि लोकही गटार तुंबलं की त्यांच्याच दारात जातात. अशा पत्राची प्रत आली की आम्ही आवक शिक्का आणि त्यावरची तारीख बघतो. तो शिक्का पत्र पोहोचल्याचं सांगतो; काम त्या पत्रामुळे झालं, हे सांगत नाही.

'माझ्या प्रभागात.' २०१५ मध्ये एकेका नगरसेवकाचे १११ प्रभाग होते. या वेळी नगरसेवक १११ च, पण प्रभाग २८, बहुतेक चार सदस्यांचे. त्यामुळे आजच्या प्रभागाच्या हद्दीतली कामं सांगितली, तर त्यात आधीच्या तीन-चार जणांच्या वाट्याची कामं आपोआप येतात. एकाच प्रभागातले दोन उमेदवार वेगवेगळ्या व्यासपीठांवरून तोच रस्ता, तेच उद्यान आपापल्या खात्यात मांडू शकतात. जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय हे लक्षात येत नाही. निवडणुकीच्या दिवसांत माझ्या टेबलावर हे दोन नकाशे कायम उघडे असायचे.

'चाळीस कोटी.' हा आकडा बहुतेक वेळा अर्थसंकल्पाच्या पुस्तकातून आलेला असतो. त्या पुस्तकात एकाच कामापुढे अनेक रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च किती, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती, येत्या वर्षासाठी तरतूद किती. सभेत वाचला जातो तो तरतुदीचा रकाना, कारण तो सहसा मोठा असतो. तरतूद झाली म्हणजे पैसे खर्च झाले असं नव्हे. कित्येक कामांचा सुधारित अंदाज उतरत जातो आणि प्रत्यक्ष खर्चाच्या जागी शून्यही दिसतं.

चौथा दावा सगळ्यांत छोटा आणि सगळ्यांत चिवट: 'केली.' महापालिकेत एखादा पदपथ व्हायचा तर प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि शेवटी ठेकेदाराचं देयक, एवढ्या पायऱ्या असतात. भूमिपूजनाचा नारळ कुठल्या पायरीवर फुटला, हे बघायचं. अभियांत्रिकी विभागातले लोक यात पटाईत असतात. 'काम झालंय का?' असं विचारलं तर 'हो, प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर ठरलेलं. 'कार्यादेश कुठल्या तारखेचा?' असं विचारलं की पलीकडचा माणूस फाइल काढतो. निम्मी तपासणी नेमका प्रश्न विचारण्यातच होते, हे नव्या बातमीदारांना मी परत परत सांगतो.

माहिती अधिकार आहेच, असं कुणी म्हणेल. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांत उत्तर. आता तारखा बघा. निवडणूक जाहीर झाली १५ डिसेंबर २०२५ ला, मतदान १५ जानेवारीला. घोषणेच्या दिवशी अर्ज टाकला तरी कायद्याने दिलेली मुदत संपते ती मतदानाच्या तोंडावर, आणि उत्तर मुदतीतच येईल याची खात्री कोण देणार? म्हणून हे काम निवडणुकीत सुरू करायचं नसतं. अर्थसंकल्पाची पुस्तकं, निविदांच्या जाहिराती आणि प्रशासकांचे ठराव वर्षभर गोळा करून, प्रभागवार लावून ठेवायचे असतात. वृत्तसंस्थेने किती खोल जावं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर पगारात आहे. हे कागद वर्षभर सांभाळणारा एक माणूस पोसायची तयारी आहे का? बहुतेक ठिकाणी नाही. एकच बातमीदार महापालिका, सिडको, पोलीस आणि शाळांचे कार्यक्रम बघतो. त्याच्याकडून सभेच्या रात्री चमत्काराची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे.

कागद मिळाले तरी पुढची अडचण वेगळी असते, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. काही वाक्यं खरी असतात, पण अपुरी. विमानतळाच्या नावाचंच घ्या. 'दि. बा. पाटील यांचं नाव देण्याचा निर्णय आमच्या सरकारने घेतला', असं दोन्ही बाजूंचे वक्ते म्हणू शकतात आणि दोघांच्याही हातात कागद असतो. २९ जून २०२२ ला महाविकास आघाडीच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत तो निर्णय झाला. सरकार पडलं. १६ जुलैला शिंदे-फडणवीस यांच्या मंत्रिमंडळाने तो नव्याने घेतला. पण त्याआधीचं काय? एप्रिल २०२१ मध्ये सिडकोच्या संचालक मंडळाने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा ठराव केला होता. त्यावर १० जूनला भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली आणि २४ जूनला हजारो लोक बेलापूरच्या सिडको भवनावर धडकले. ज्यांच्या गावांच्या जमिनींवर हे शहर आणि हा विमानतळ उभा राहिला, १९८४ च्या जासईच्या आंदोलनात ज्यांची पाच माणसं पोलीस गोळीबारात गेली, त्या लोकांनी तो निर्णय ओढून आणला. हे सोडून फक्त 'आम्ही निर्णय घेतला' छापायचं, तर आपण खरं वाक्य छापून वाचकाला चुकीचं चित्र देतो. आणि अंतिम मंजुरी केंद्राची असते, हीसुद्धा ओळ हवी.

अशा वाक्यावर 'अर्धसत्य' असा शिक्का मारण्याची पद्धत जगभर रूढ आहे. अमेरिकेतल्या पॉलिटिफॅक्टने २००७ पासून सत्य मोजण्याची तबकडीच बनवली. मला तो शिक्का नको वाटतो. शिक्का मारला की वाचक शिक्क्यावर भांडतो, तारखा बाजूला पडतात. आम्ही पाच तारखा ओळीने दिल्या आणि थांबलो. श्रेय कुणाचं, हे उलव्यातल्या, पनवेलमधल्या वाचकाला त्यातून ठरवता येतं. मेट्रोचंही तसंच. बेलापूर ते पेंधर, ११.१ किलोमीटर, ११ स्थानकं. पायाभरणी १ मे २०११ ला, प्रवासी गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. 'मेट्रो आम्ही आणली' या वाक्याखाली एवढ्या दोन तारखा टाकल्या तरी पुरतं.

काही दावे मात्र कागदावर सुटत नाहीत, तिथे पाय लागतात. 'नवी मुंबईला चोवीस तास पाणी.' महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, दिवसाला ४५ कोटी लिटर क्षमतेचं. ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं, हा या शहराचा खरा अभिमान. ('राज्यात असं एकमेव' असं कुणी म्हटलं की मात्र हात थांबवायचा. तुळशी, विहार, तानसा, मध्य वैतरणा ही मुंबई महापालिकेची आहेत.) नेरूळच्या सोसायटीत विचारलं तर लोक म्हणतात, हो, चोवीस तास असतं की. मग पंप चालवणाऱ्या वॉचमनला विचारायचं. तो सांगतो, लाइनला पाणी सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास. ते जमिनीखालच्या टाकीत साठतं, तिथून गच्चीवर चढवलं जातं. नळाला चोवीस तास, जलवाहिनीला नव्हे. दिघ्याच्या वरच्या वस्तीत टाकीही नाही आणि पंपही नाही. तिथे बायका पहाटे पाइप जोडून उभ्या असतात. एकीने बातमीदाराला सरळ सांगितलं, 'भाऊ, घड्याळ लावून बसा इथे, मग लिहा.' तो बसला. पाणी कधी आलं, कधी गेलं, धार कधी बारीक झाली, हे वहीत लिहून आणलं. दाव्याच्या बातमीत त्या वहीतली ओळ गेली आणि सोसायटीतला खुलासाही गेला. एकाच वाक्याची नेरूळमध्ये एक किंमत आणि दिघ्यात दुसरी, हे वाचकासमोर ठेवायला कार्यालयात बसून भागलं नसतं.

थांबायचं कुठे? माझ्यापुरती रेघ स्पष्ट आहे. जे घडलं, मोजता येतं, ज्याचा कागद किंवा साक्षीदार आहे, ते तपासायचं. हेतू तपासायचे नाहीत. 'त्यांना शहर बिल्डरांच्या घशात घालायचं आहे' हे मत आहे, ते बोलणाऱ्याच्या नावावर जावं. पुढच्या आश्वासनांवर खरं-खोटं ठरवू नये. पैसा कुठून येणार आणि अधिकार कुणाचा, एवढं विचारावं. महापालिकेचा उमेदवार सिडकोची घरं नियमित करण्याचं वचन देत असेल, तर तो निर्णय राज्य सरकारचा असतो, ही एक ओळ पुरे. आणि फूटपट्टी एकच हवी. सत्तेतल्याचा आकडा तपासला आणि विरोधकाचा भावनेच्या भरात सोडून दिला, की सगळी मेहनत वाया.

आपल्या बाजूचा कागद तपासायची सवय नसेल तर काय होतं, हे मराठी पत्रकारितेने अगदी सुरुवातीला भोगलं आहे. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे या कळकळीने त्यांनी दिवाण बर्व्यांवर झोड उठवली. आधाराला पत्रं होती. ती बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे १०१ दिवस गेले. त्या दोघांच्या सचोटीबद्दल शंका घेणारा माणूस तेव्हाही विरळा होता. कळकळ खरी होती, कागद खोटे होते.

तपासणीचं काम सरकारकडे द्यावं, असाही एक प्रयत्न झाला. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून केंद्राच्या कामकाजाविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा की खरा, हे केंद्राचाच सत्यशोधन कक्ष ठरवणार होता. कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं विरुद्ध पडली. तिसरे न्या. अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. मला तो निकाल या धंद्यावरचं ओझं वाढवणारा वाटतो. सरकारने ठरवायचं नाही, तर मग कुणी? कायद्याकडेही फारसं काही नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १७५ निवडणुकीतल्या खोट्या विधानाला शिक्षा सांगतं, पण ते उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्य आणि वर्तनाबद्दल असेल तर. न बांधलेला पदपथ बांधला म्हणणाऱ्याला तिथे काही होत नाही. ते काम बातमीदाराचंच उरतं. आणि २००९ च्या विधानसभा निवडणुकीत याच राज्यातल्या पानांवर पैसे घेऊन उमेदवारांची स्तुती छापली गेली, हे पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं आहे. तेव्हा वाचक आमच्या तपासणीवर लगेच विश्वास ठेवील, ही अपेक्षाही करू नये.

म्हणून एक नियम आम्ही कधी मोडत नाही: छापण्याआधी उमेदवाराला फोन. काही चिडतात, काही उचलत नाहीत, आणि ते तसंच छापलं जातं. प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात एका उमेदवाराच्या उद्यानाच्या दाव्याखाली आम्ही लिहिलं, 'प्रभाग कार्यालयातील नोंदीत या कामाचा कार्यादेश आढळला नाही. उमेदवाराने उद्या कागद देतो असे सांगितले.' दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरोखरच आला, हातात प्लास्टिकची फाइल घेऊन. काम उद्यान विभागाकडून निघालं होतं, प्रभाग कार्यालयातून नव्हे. जावक क्रमांक होता, तारीख होती, सही होती. आम्ही उद्यान विभागात फोन लावून क्रमांक जुळवला. मग त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच टाइपात छापलं की कार्यादेश आहे, आणि तारीख दिली. उद्यानाचं कुंपण तेवढं अजून झालेलं नाही, हेही त्याच बातमीत गेलं.