टी-शर्ट अमेरिकेचा, शिलाई होंडुरासची

अमेरिकेत विद्यापीठाचं बोधचिन्ह छापलेले टी-शर्ट आणि टोप्या हा मोठा धंदा आहे. विद्यापीठ काही हे कपडे शिवत नाही. ते कंपनीला बोधचिन्ह वापरायचा परवाना देतं आणि विक्रीवर रॉयल्टी घेतं. हे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या विद्यार्थी चळवळीने हीच गोम हेरली. टी-शर्ट न घेणारा एकटा विद्यार्थी कंपनीच्या खिजगणतीत नसतो. परवाना काढून घेणाऱ्या विद्यापीठाकडे मात्र तिला काणाडोळा करता येत नाही.

१९९९ मध्ये ड्यूक, जॉर्जटाउन, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या कचेऱ्यांत ठिय्या दिला. प्रमुख मागणी ऐकायला अगदीच रुक्ष होती: कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची नावं आणि पत्ते जाहीर करा. कंपन्या याला व्यापारी गुपित म्हणत. पण पत्ताच माहीत नसेल तर तपासायला जाणार कुठे? त्याच वर्षी नायकेने कॉलेजचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची यादी खुली केली.

मग प्रश्न आला तो तपासणार कोण याचा. २००० मध्ये ‘वर्कर राइट्स कन्सोर्टियम’ स्थापन झालं. त्याच्या कारभारी मंडळावर एकाही कंपनीला जागा नाही. तपासनीस कामगारांशी कारखान्याबाहेर, मुकादमाच्या नजरेआड बोलतात. साहेब शेजारी उभा असताना कोण खरं सांगेल?

या यंत्रणेचा कस लागला तो रसेल अॅथलेटिक या कंपनीच्या प्रकरणात. होंडुरासमधल्या चोलोमा इथल्या तिच्या कारखान्यात कामगारांनी युनियन बांधली. जानेवारी २००९ मध्ये कारखान्याला टाळं लागलं आणि सुमारे १,२०० जण बेकार झाले. मंदीमुळे मागणी घटली, असं कंपनीचं म्हणणं. कन्सोर्टियमच्या तपासात युनियनवरचा राग हेही मोठं कारण असल्याचं दिसलं.

हा अहवाल घेऊन विद्यार्थी आपापल्या प्रशासनाकडे गेले. परवान्याच्या करारातच कामगारांना संघटनेचा हक्क देण्याची अट होती, त्यामुळे दयेची याचना करण्याचं कारण नव्हतं. तुम्हीच सही केलेला करार पाळा, एवढंच म्हणणं. कामावरून काढलेले कामगार स्वतः कॅम्पसवर येऊन बोलले. विद्यार्थ्यांनी एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यांबाहेर निदर्शनं केली. रसेलची मालकी फिरत फिरत वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेपर्यंत जाते, म्हणून ओमाहाला त्यांच्या दारापर्यंतही पोरं पोचली. ते चित्र वर्तमानपत्रांना आवडलं असेल, पण माझ्या मते खरं वजन पडलं ते रुक्ष पत्रांचं: शंभराच्या आसपास विद्यापीठांनी परवाने संपवले किंवा स्थगित केले.

नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनी नमली. चोलोमा भागात नवा कारखाना काढून त्या १,२०० कामगारांना परत घ्यायचं आणि होंडुरासमधल्या आपल्या इतर कारखान्यांतही युनियनला आडकाठी करायची नाही, असं ठरलं. पुढच्याच वर्षी नायकेची पाळी आली. तिथे कारखाने कंत्राटदारांचे होते, तरी बंद पडलेल्या दोन कारखान्यांतल्या कामगारांसाठी नायकेला सुमारे १५ लाख डॉलर मोजावे लागले.