स्वस्त पेन, महागडा घाट

माझा एक जुना छात्र आज लष्करात कॅप्टन आहे. गेल्या वर्षी त्याच्या लग्नाला मी पापनाशमला गेलो होतो. तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे गाव. व्यंकोजीराजांच्या काळात जी मराठी घराणी त्या मुलखात गेली, त्यांचे वंशज अजून तिथे आहेत आणि घरात मराठी बोलतात. वराचे वडील निवृत्त शिक्षक. त्यांची मराठी ऐकायला गोड. पण अर्धी वाक्ये मला दोनदा विचारावी लागत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी कपाटातून दोन पेने काढून माझ्यासमोर ठेवली. दोन्ही जाड, काळीभोर, टोपणावर सोनेरी कडी. एकाच्या निबेवर घोड्यांचा रथ कोरलेला, दुसऱ्याच्या टोपणाच्या टोकाला पांढरी चांदणी. रथाचे पेन त्यांनी स्वतः पाचएकशे रुपयांना घेतले होते. चांदणीचे पेन परदेशातल्या एका नातेवाइकाने ‘ओरिजिनल’ म्हणून भेट दिलेले. मुलाला लग्नात ते द्यायचे त्यांच्या मनात होते.

“सर, तुम्हाला पेनांतले कळते म्हणून हा सांगत असतो. यातले खरे कोणते?” त्यांनी विचारले.

चांदणी ही माँब्लाँ या कंपनीची खूण. तिचे १४९ क्रमांकाचे पेन १९५२ पासून जवळजवळ त्याच घाटात निघते. निब सोन्याची, तिच्यावर ४८१० हा आकडा. माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली ही उंची. आज आपल्याकडे त्याची किंमत लाखाच्या घरात जाते. रथाचे पेन चिनी जिनहाओ कंपनीचे, क्रमांक १५९. आकड्यावरूनच कळते की समोर कोणाचे चित्र ठेवून ते घडवले आहे.

मी चांदणीच्या पेनाची दांडी फिरवली. ती उघडली आणि आत काढता-घालता येणारा प्लॅस्टिकचा कन्व्हर्टर दिसला. तिथेच सगळे संपले. खऱ्या १४९ मध्ये कन्व्हर्टर नसतो. त्याचे शेपटाकडचे बूड फिरवले की आतला दट्ट्या सरकतो आणि शाई थेट दांडीतच भरते. मला बोलणे जड गेले, पण विचारणारा शिक्षक होता. मी म्हटले, “रथाचे पेन खरे आहे. म्हणजे खरे जिनहाओ आहे. हे दुसरे खरे कोणाचेच नाही.”

हा फरक छात्रांनी नीट समजून घ्यावा. घाट उचलणे आणि नाव उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे डिझाइन कायद्याने नोंदवलेल्या घाटाला जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण मिळते. त्यानंतर तो घाट कोणीही वापरू शकतो. नाव आणि खूण यांचे तसे नाही. व्यापारचिन्हाची नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करता येते, अगदी शतकभरही. दुसऱ्याचे चिन्ह खोटेपणाने लावणे हा १९९९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पेनांच्या जगात घाट उचलण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यातून चांगली पेनेही निघाली. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पार्कर ५१ चे. कंपनी १८८८ ची. तिच्या एक्कावन्नाव्या वर्षी हे पेन सिद्ध झाले म्हणून नाव ५१. बाजारात आले १९४१ मध्ये. मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली, तेव्हा जनरल आयझेनहॉवर यांनी सह्यांची दोन पेने ‘व्ही’ आकारात धरून छायाचित्र काढून घेतले; ती पेनेही ५१ च होती. या पेनाची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, नुसते टोक बाहेर. लोकांना ती शोभा वाटली. पण तिच्यामागे कारण होते. कागदावर चटकन वाळणारी शाई वापरायची, तर ती निबेवरही चटकन वाळणार. म्हणून निबेला बुरखा.

शांघायच्या हिरो कारखान्याने हा बुरखा उचलला, आणि तो कशासाठी आहे हेही उचलले. माझ्या विद्यार्थिदशेत वर्गात एखाद्याच्या तरी खिशाला सोनेरी टोपणाचे हिरो असायचे. दाबायच्या रबरी नळीने शाई भरायची, कॅमलची दौत मधल्या बाकावर, आणि बोटे निळी. (दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कारखान्याची ही शाई. महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांचे गणवेश तिने रंगवले असतील!) त्या पेनावर हिरो असेच लिहिलेले असे, पार्कर नव्हे. पुढे हिरो ६१६ इतके खपले की त्याचीच बनावट पेने बाजारात आली. नकलेचीही नक्कल!

आपल्या देशात तर या कामाला स्वदेशीचे बळ होते. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी १९३० च्या दशकात फाउंटन पेने घडवायला घेतली. पेन हा प्रकार विलायती, घडण इथली. त्यांचे पेन वापरून पाहून गांधीजींनी जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र पाठवले आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय वाटतो, असे कळवले. त्या पेनावर नाव रत्नम् यांचेच होते.

आता रथाच्या पेनाकडे परत येऊ, कारण मुलांना खरा प्रश्न तोच पडतो: दिसायला सारखे, मग दोनशे पट किंमत कशाची? थोडी नावाची, हे उघड आहे. पण सगळी नावाची नाही. मूळ पेन रेझिनचे, आकाराच्या मानाने हलके. जिनहाओची दांडी पितळी. हातात घेताच भारी वाटते आणि तीन तासांच्या पेपरात दुसऱ्या तासाला मनगट सांगू लागते. सोन्याची निब महाग असते हे खरे. तरी कागदावर घासते ते सोने नव्हेच, टोकाला जोडलेला कठीण मिश्रधातूचा इवलासा मणी. तो स्वस्त पोलादी निबेलाही असतो. फरक पडतो तो मणी घासून गुळगुळीत करण्यात आणि मधली चीर बरोबर मध्यावर कापण्यात. महागड्या कारखान्यात प्रत्येक निब माणूस तपासतो. स्वस्त पेनात तपासनीस तुम्ही.

म्हणून नवे स्वस्त पेन घेतले की भिंगातून निब पाहावी. दोन्ही पाती एका पातळीत हवीत. एक पाते वर असेल तर कागद खरवडतो; अंगठ्याच्या नखाने अगदी हलके दाबून ते सरळ करता येते. निबेखालची काळी दांतेरी पट्टी, जिला आपण जीभ म्हणतो, तिच्यात खाचा असतात. एका वाटेने शाई खाली उतरते, दुसऱ्या वाटेने हवा वर जाते. ही अदलाबदल बिघडली की पेन अडते किंवा गळते. बहुतेक वेळा कारण असते कारखान्यातले चिकट तेल. साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून चार-पाच वेळा भरावे, सोडावे, मग स्वच्छ पाण्याने धुवावे. ‘पेन फालतू निघाले’ म्हणून माझ्याकडे आलेली निम्मी पेने एवढ्याने लिहू लागली. शेवटची परीक्षा टोपणाची: शाई भरून टोपण लावा, चार दिवस हात लावू नका. पाचव्या दिवशी पहिल्या ओढीला लिहिले तर टोपणात हवा शिरत नाही.

आणि निबेवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असे कोरलेले दिसले, तर निब जर्मनीत घडली असे समजू नका. आणखी एक, पालकांसाठी. नामांकित कंपनीचे पेन पाव किमतीत मिळत असेल तर पावती मागा आणि अधिकृत विक्रेता आहे का ते पाहा. तेवढ्यात विकणाऱ्याचा चेहरा बदलतो.

माझे उत्तर ऐकून वराचे वडील थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली. पापनाशमहून कुंभकोणमकडे जाताना स्वामीमलै लागते. तिथले स्थपती आजही मेणाच्या साच्यातून ओतून पंचधातूच्या मूर्ती घडवतात, चोळांच्या काळापासून चालत आलेल्या मापांनी. त्या नटराजाला कोणी बनावट म्हणत नाही. पण कुंभकोणमजवळच्याच शिवपुरम् गावी १९५१ मध्ये जमिनीतून एक जुना नटराज निघाला. तो दुरुस्तीला दिला गेला. परत आली ती हुबेहूब प्रतिकृती, आणि गावाने तीच खरी म्हणून पुजली. मूळ मूर्ती हातोहात विकली जात अमेरिकेत नॉर्टन सायमन यांच्या संग्रहात पोचली. ब्रिटिश संग्रहालयातल्या एका तज्ज्ञाने १९६५ मध्ये देवळातली मूर्ती प्रतिकृती असल्याचे लिहिले. भारत सरकारला कोर्टात जावे लागले, आणि नटराज १९८६ मध्ये मायदेशी आला.

“घडवणाऱ्याचा हात तोच, सर,” ते म्हणाले आणि चांदणीचे पेन डबीत ठेवून त्यांनी डबी कपाटात मागे सारली.

लग्नात मुलाला मिळाले ते रथाचे पेन. ‘हे मी पाचशे रुपयांना घेतले आणि दोन वर्षे वापरले’ असे वडिलांनी मांडवात सर्वांसमोर सांगितले. तो आता उत्तरेत उंचावरच्या ठाण्यावर आहे. मध्ये त्याचे पत्र आले. निब उत्तम चालते म्हणतो; फक्त डिसेंबरपासून शाई गोठते, म्हणून पेन बंडीच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावे लागते. पत्राचा शेवटचा परिच्छेद पेन्सिलीने लिहिलेला होता.