पाहुण्याने काय पाहावे? : स्थळदर्शक लेखन आणि विध्यर्थ



मागील घटकात आपण क्रियापदाचे अर्थ अभ्यासले. त्यांपैकी विध्यर्थाचा सर्वाधिक वापर ज्या लेखनप्रकारात होतो, तो म्हणजे स्थळदर्शक लेखन. एखाद्या प्रदेशात प्रथमच येणाऱ्या माणसाने काय पाहावे, कोठे जावे, काय खावे, हे सांगणाऱ्या लेखनाचा प्रत्येक परिच्छेद ‘-आवे’ या प्रत्ययावर उभा असतो. ‘किल्ला पाहावा’, ‘गुंफा पाहावी’, ‘मंदिर पाहावे’. येथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि कर्ता, म्हणजे पाहुणा, ‘ने’ लावून बाजूला उभा राहतो किंवा वाक्यातून पूर्णपणे नाहीसा होतो. हे नाहीसे होणे लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

काही वर्षांपूर्वी लोहारा-उमरगा भागातील विद्यार्थ्यांच्या संपर्कसत्रात मी एक गृहपाठ दिला होता : ‘आमच्या भागात प्रथमच येणाऱ्याने काय करावे?’ आलेल्या उत्तरपत्रिकांपैकी बहुतेक एकाच साच्यातून काढल्यासारख्या होत्या. तुळजापूर, नळदुर्ग, तेर, परंडा. आणि प्रत्येकापुढे ‘निसर्गरम्य’, ‘विलोभनीय’, ‘नयनमनोहर’. ही विशेषणे कोकणातल्या समुद्राला लागतात, महाबळेश्वराच्या कड्यालाही लागतात आणि म्हणूनच बालाघाटाच्या पठाराबद्दल काहीच सांगत नाहीत. काळ्या रानाचा, सपाट क्षितिजाचा, उन्हाळ्यात भेगाळणारा हा मुलूख ‘नयनमनोहर’ म्हणण्यासारखा आहे की नाही, हा वाद बाजूला ठेवू. लिहिणाऱ्याने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, ही खरी अडचण.

नळदुर्गाचेच उदाहरण घ्या. ‘पाणीमहाल अवश्य पाहावा’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु पाहुण्याला हे सांगायला हवे की, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या भिंतीच्या पोटातच हा महाल आहे. पावसाळ्यात धरण भरले की ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते आणि महालाच्या खिडकीत कोरड्या अंगाने उभे राहून समोरून पडणारे पाणी आतल्या बाजूने दिसते. हे लिहिले म्हणजे ‘विलोभनीय’ लिहावे लागत नाही. शिवाय पाहुण्याने मार्चमध्ये येऊन कोरडी भिंत पाहत उभे राहण्याचा प्रसंगही टळतो.

तेरविषयी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत तगराचा उल्लेख आहे : पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर, जेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाते. आपल्या जिल्ह्यासंबंधीचे हे फार जुने स्थळदर्शक लेखन म्हणता येईल, आणि त्यात एकही शोभेचे विशेषण नाही. किती दिवस लागतात, काय मिळते, ते कोठे जाते, एवढेच. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या प्रतिमेशी साम्य दाखवते, हे कळल्यावर त्या कोरड्या व्यापारी वाक्यांचे वजन वाढते.

आता सास्तूर. त्या गृहपाठात सास्तूरच्या एका विद्यार्थ्याने तुळजापूर-नळदुर्ग काहीही लिहिले नव्हते. त्याने लिहिले होते : ‘पाहुण्याने येळवशीला यावे.’ पुढे दीड पान केवळ त्या एका दिवसाचे वर्णन होते.

येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या. त्या दिवशी लातूर-धाराशिव भागातली बाजारपेठ ओस पडते आणि गाव रानात जाते. ज्वारी निसवलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, जवस-करडई हिरवी असते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून त्यांची पूजा करतात. मग जेवण : तुरीचे ओले दाणे, वाल, हरभरा, चुका, चाकवत, मेथी असे जे रानात असेल ते एकत्र करून डाळीच्या पिठात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, आणि ताकात ज्वारीचे पीठ आंबवून केलेली, लसणाचा वास असलेली आंबील. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. पहिल्याच वर्षी मला एका दुपारी तीन शेतांत जेवावे लागले. तिसऱ्या ठिकाणी ‘पोट भरलंय’ म्हटल्यावर मिळालेले उत्तर असे : ‘मग आंबील घ्या, त्यानं जागा हुती.’

भाषेच्या अभ्यासकाला या सणाचे नावही जेवणाइतकेच चवदार वाटेल. वर्तमानपत्रांत आणि दिनदर्शिकांत ते ‘वेळ अमावास्या’ असे छापले जाते. कोणती वेळ, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. कारण मूळ शब्द ‘वेळ’ नसावाच. सीमेपलीकडच्या कन्नड मुलखात हीच अमावास्या ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणून पाळली जाते. कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. काही जण ‘एळु’ म्हणजे सात या शब्दाकडे बोट दाखवतात, कारण ज्येष्ठापासून मोजले तर ही सातवी अमावास्या येते. मला स्वतःला तिळाची बाजू जड वाटते. ताटात तिळाच्या पोळ्या असतात. मूळ कोणतेही असो, मराठीत शब्द आला तो ‘येळ’ या रूपात. आता गंमत पाहा. या भागातील बोलीत प्रमाण मराठीतील ‘वेळ’ हा शब्दही ‘येळ’ असाच उच्चारला जातो. शिकलेल्या माणसाला वाटले, ‘येळ’ हा अशुद्ध उच्चार आहे; त्याने तो शुद्ध करून ‘वेळ’ लिहिला. लोकव्युत्पत्ती आणि अतिशुद्धी या दोन्ही प्रक्रियांचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही. सतराव्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि कन्नड, तेलुगू, दखनी, मराठी या भाषा एकाच आठवडी बाजारात नांदत होत्या, हे लक्षात घेतले की अशा शब्दांचे नवल वाटत नाही.

त्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेचा शेवटचा परिच्छेद मात्र सणाविषयी नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी या भागात भूकंप झाला. किल्लारी आणि सास्तूर ही सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी घरे झोपलेल्यांवर कोसळली आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. पुढे बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली; सास्तूर त्यांपैकी एक. घरांबरोबर शब्दही गेले. माळवद, ढाळज, बळद, घर ‘किती खणांचे’ ही मोजणी. नव्या घरांत या शब्दांना चिकटायला वस्तूच उरली नाही. शेते मात्र जिथल्या तिथेच राहिली. म्हणून येळवशीच्या दिवशी सास्तूरची माणसे नव्या गावातून निघून त्याच जुन्या रानात जातात.

त्या विद्यार्थ्याने लिहिले होते : ‘भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होतो. त्या वर्षी आमच्याकडे मदत करायला माणसे आली आणि बघायलाही आली. पत्र्याच्या शेडमध्ये आई भाकरी करायची तेव्हा ती दारात उभी राहून बघायची. जुन्या गावठाणात आमच्या घराच्या जागेवरून जाताना मी चपला काढतो. पाहुण्याने काढाव्यात असे नाही.’

या शेवटच्या वाक्याचे व्याकरण तपासा. ‘काढाव्यात’ हा विध्यर्थ आहे आणि ‘असे नाही’ने तो लगेच मागे घेतला आहे. सांगितलेही आणि सांगितले नाहीही. ‘चपला काढा’ असा आज्ञार्थ लिहिला असता तर ती सूचनाफलकावरची ओळ झाली असती. आणि त्याने कर्ता गाळलेला नाही : ‘पाहुण्याने’ हा शब्द तेथे आहे. ‘पाणीमहाल पाहावा’ या वाक्यात कोणी पाहावा याला महत्त्व नसते. तेथे कोणीही चालतो. येथे चालत नाही.

‘पाहुणा’ हा शब्द संस्कृत ‘प्राघुण’वरून प्राकृतातून आपल्याकडे आला. ‘पाहणे’ या क्रियापदाशी त्याचे ध्वनिसाम्य आहे, नाते नाही. ‘पर्यटक’ हा शब्द या भागातल्या बोलण्यात मी फारसा ऐकलेला नाही. अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘पाव्हनं, कोन्या गावचं?’ आणि जो उत्तर न देता नुसता उभा राहतो, त्याच्यासाठी वेगळा शब्द आहे : ‘बघ्या’. ‘पाऊस यावा’ ही इच्छा, ‘पाहुण्याने यावे’ हे निमंत्रण. ‘बघ्याने यावे’ असे वाक्य मराठीत कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही.

स्वाध्याय

तुमच्या गावी प्रथमच येणाऱ्या माणसासाठी सुमारे दोनशे शब्दांत मार्गदर्शन लिहा. विशेषणे वगळा. विध्यर्थाचे प्रत्येक रूप अधोरेखित करून त्याचा कर्ता वाक्यात आहे की गाळला आहे, हे समासात नोंदवा. जेथे गाळला असेल तेथे तो घालून पाहा आणि वाक्य बदलते का ते लिहा. गावातला जो एखादा शब्द तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी होता आणि तुमच्या मुलांच्या तोंडी नाही, असा किमान एक शब्द त्यात आला पाहिजे.