नाव, नंबर, गेली, आली

वहीत चार रकाने असत: नाव, सायकलचा नंबर, गेली, आली. फळीच्या खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ. त्या घड्याळाकडे गिऱ्हाइकापेक्षा दुकानदाराचं लक्ष जास्त. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावांत एके काळी ज्यांना ज्यांना सायकल आली, त्यांतल्या कितीतरी जणांची पहिली सायकल घरची नव्हतीच. ती या वहीतली होती. मडगार्डवर पांढऱ्या रंगात दुकानाचं नाव आणि आकडा. पोरं सायकल आकड्यानेच ओळखत. सातचा ब्रेक लागत नाही, अकराची गद्दी हलते, चार हलकी जाते पण ती कायम कुणीतरी नेलेली.

सायकलच्या चळवळीचा इतिहास सांगताना मार्ग, आराखडे, संस्था आणि फेऱ्या यांची नोंद होते. ही वही त्यात सापडत नाही. सायकलची बाजू या भाड्याच्या सायकलींच्या दुकानांइतकी सातत्याने कुणी लढवली नसावी. तीही भाषण न करता, फलक न धरता, तासाच्या हिशेबाने.

मराठी मुलखात सायकलच्या धंद्याची सुरुवातच मुळी प्रचारातून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. तिथून ते सायकली विकत घेऊन बेळगावला धाडत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाची सुरुवात 1888 ची धरतात, आणि ती या सायकलच्या दुकानापासून. पुढे याच घराण्याने लोखंडी नांगर आणि पंप घरोघर नेले. पण तेव्हाची अडचण साधी होती: ज्याला चालवता येत नाही तो सायकल घेणार कशाला? मग रामूअण्णा शिकवणीही घेत, तिचे 15 रुपये. त्या काळात 15 रुपये म्हणजे काही थोडे नव्हेत. (जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं तेही 1888 सालीच. म्हणजे पंक्चर आणि मराठी सायकल दुकान एकाच वयाची.)

बार्शीला चाकाचं वेड लागलं ते मात्र रुळांवरून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली गावात आली. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये थेट मिरजेपर्यंत गेली. ज्वारी, तूर, कापूस बार्शीच्या बाजारात उतरू लागला. लोकमान्य आणि जयशंकर गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. गाडी स्टेशनात सोडून द्यायची. तिथून पेठेत, पेठेतून गिरणीत आणि तालुक्याच्या खेड्यांत जायचं कसं? पायी, बैलगाडीने किंवा टांग्याने. त्यात सायकल आली. सपाट माळ, लांब सरळ रस्ते आणि वेळेवर गाठायची पाळी असलेल्या गावाला ती मानवली नसती तरच नवल.

पण परवडत नव्हती. रॅले, हंबर, हर्क्युलिस ही विलायती नावं वकील-डॉक्टरांच्या दारात दिसत. देशात 1950-51 मध्ये लाखभरही सायकली तयार होत नव्हत्या. मद्रासची टीआय, सोनीपतची अ‍ॅटलास, आसनसोलची सेन-रॅले, लुधियानाची हिरो असे कारखाने जोम धरू लागले आणि 1960-61 पर्यंत हा आकडा दहा लाखांच्या वर गेला. तरीही गिरणीतल्या कामगाराला नवी सायकल म्हणजे कर्जाचीच गोष्ट. या फटीत भाड्याची सायकल उभी राहिली. दुकानदार आठ-दहा जुन्या सायकली उभ्या-आडव्या जोडून तयार करी, एकीचा सांगाडा, दुसरीची चाकं, आणि ताशी दराने देई. काही आणे, पुढे आठ आणे, मग रुपया.

पैशाआधी ओळख लागे. ‘कुणाचा तू?’ हा पहिला प्रश्न. खेड्यातून तहसील कचेरीत किंवा कोर्टाच्या तारखेला आलेला माणूस ओळखीच्या व्यापाऱ्याचं नाव सांगे, नाहीतर मनगटावरचं घड्याळ ठेवून जाई. अनामत रक्कम, ओळखपत्र, उशिराचा दंड, सगळं त्या चार रकान्यांत बसत होतं. आज शहरांत ज्याला सार्वजनिक सायकल व्यवस्था म्हणतात, ती इथे कुठल्याही अनुदानाशिवाय चालू होती.

मे महिन्यात वहीचा नूर बदले. दोघांतिघांनी पैसे गोळा करून एक तास घ्यायचा, तो वाटून घ्यायचा आणि आपल्या वाट्याची मिनिटं दुसऱ्याने खाल्ली म्हणून भांडायचं. मधल्या दांड्यावरून पाय पोचत नसे, म्हणून दांड्याखालून पाय घालून हाफ पॅडल. गुडघा फुटला तर घरी सांगायचं नाही. चाकाला आउट आला तर दुकानात सांगायचं नाही. दुकानदार मात्र चाक एकदा हातावर फिरवी आणि सगळं कळे. मग पाना घेऊन एकेक आरा आवळत आउट काढे, आणि पोरगं समोर बसून ते पाहत राही. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवायची, बुडबुडा दिसला की बोट ठेवायचं, कानशीने खरवडायचं, सोल्युशन लावून फुंकर मारायची आणि पॅच ठोकायचा. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात हे शिक्षण शाळेत मिळणाऱ्या काही धड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडलं, असं म्हणायला हरकत नाही.

परदेशात याच कामाला पुढे नाव मिळालं. अमेरिकेत 1984 साली ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ ही संस्था निघाली. जुन्या सायकली गोळा करून, दुरुस्त करून निकाराग्वाला पाठवायच्या हे तिचं पहिलं काम. नंतर बोस्टन शहरातल्या मुलांना दुरुस्ती शिकवायची, आणि शिकून झालं की त्यांनीच जोडलेली सायकल त्यांना द्यायची, असा उपक्रम तिथे सुरू झाला. अशा सामुदायिक दुकानांमधून सायकल चालवणाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. त्या नगरपालिकांशी भांडू लागल्या. आपल्याकडे दुकान होतं, शिकाऊ पोरं होती, पंपाभोवती जमणारी माणसं आणि त्यांच्या गप्पाही होत्या. संघटना तेवढी झाली नाही. उलट महाराष्ट्रातल्या कित्येक नगरपालिका सायकलवर वार्षिक कर घेत, पत्र्याचा बिल्ला देत. रात्री बत्ती नसली किंवा डबलसीट सापडलं की पोलिसांचा दंड वेगळा. कर भरणाऱ्याने रस्ता मागितल्याचं मात्र फारसं ऐकिवात नाही.

दुकानाची दुसरी उणीवही सांगायला हवी. ते पुरुषांचं ठिकाण होतं. लेडीज सायकल भाड्याने ठेवणारे थोडे, आणि ती मागायला येणाऱ्या मुली त्याहून थोड्या. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेने बायकांना सायकल शिकवायचं मनावर घेतलं. महिला दिनी हजारो बायका सायकलवर रस्त्यावर उतरल्या, आणि लेडीज सायकल मिळेना तेव्हा दांड्याच्या सायकलीही चालल्या. तिथे मोहीम आधी आली आणि दुकानांना गिऱ्हाईक नंतर मिळालं. महाराष्ट्रात मुलींच्या हाती सायकल मोठ्या प्रमाणावर पोचली ती मानव विकास कार्यक्रमातून, मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या विद्यार्थिनींसाठी. त्या सायकली पंक्चर झाल्या की शेवटी याच दुकानांत आल्या, ही गोष्ट वेगळी.

उतरण कधी लागली? पहिला धक्का 1972 चा. अहमदनगरच्या कायनेटिकची लुना आली आणि पॅडल मारायचं ते फक्त सुरू करण्यापुरतं उरलं. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. नोकरदाराने आधी लुना घेतली, मग मोटारसायकल. सायकल पोराकडे गेली, आणि घरात सायकल असलेलं पोर भाड्याने कशाला घेईल? 2001 च्या जनगणनेत देशातल्या 11.7 टक्के घरांत दुचाकी गाडी होती, 2011 मध्ये 21 टक्के घरांत. सायकल मात्र तेवढ्या काळात 43.7 वरून 44.8 टक्क्यांवर रेंगाळली. ताशी भाड्याची वही या दशकांमध्ये कधीतरी मिटली. दुकानं बंद पडली नाहीत. त्यांनी मोटारसायकलचं पंक्चर काढायला सुरुवात केली. पायाने मारायच्या पंपाच्या जागी कॉम्प्रेसर आला.

सायकलची बाजू मांडण्याचं काम मग शहरांकडे गेलं. पुणे महापालिकेने 2017 च्या अखेरीस सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या सायकली आल्या, मागोमाग आणखी कंपन्यांच्या. काहींची मोडतोड झाली, काहींचे भाग गेले आणि दोन-तीन वर्षांत त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. ‘कुणाचा तू?’ विचारणारं तिथे कुणी नव्हतं. नाशिकने दुसरी वाट धरली. तिथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पुरी केली. तिथल्याच सायकलपटूंची पंढरपूरची सायकलवारीही आता रुळली आहे. यातून सायकलला मान मिळाला हे खरंच. पण हा सायकलस्वार हौसेचा आहे. दूध घालायला जाणारा त्यात नाही.

जून 2020 मध्ये केंद्राने ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा जाहीर केली. 107 शहरांनी नावं नोंदवली. पुढच्या फेरीतल्या 11 शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. भाग घ्यायला शहर स्मार्ट सिटी योजनेतलं, राजधानीचं किंवा पाच लाखांवर वस्तीचं असावं लागे. बार्शीची लोकसंख्या 2011 च्या गणनेत सव्वा लाखाच्याही आत. ज्या गावांत सायकलवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सहज जाता येतं, ती सगळी नियमानेच बाहेर राहिली. त्याच महिन्यात, 3 तारखेला, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलासने साहिबाबादचा आपला शेवटचा चालू कारखाना थांबवला. देशात मात्र टाळेबंदी सैल होताच माळ्यावरच्या सायकली खाली उतरत होत्या. ट्यूब कुजलेल्या, चेन गंजलेली, कॉटर पिन अडकलेली.

आता दुकानापुढे जाड टायरच्या, गिअरच्या आणि डिस्क ब्रेकच्या सायकली लागतात, बहुतेक लहान मुलांसाठी. गिअर लावून घ्यायचं कसब वेगळं. जुना कारागीर ते निरखून निरखून शिकला, त्याच्या हाताखाली बसायला पोरं मात्र मिळत नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. मजुरीचा दर अजून तोंडीच ठरतो, आणि गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर हवेचे पैसे घेत नाहीत.